एसजीपीटी ११२ आलं, आता ॲझाथायोप्रिन बंद करू का?

तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय ३४, वजन ७० किलो, चार वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण पडणारा आजार. आतड्याची सूज कमी करणाऱ्या मेसालामाइनवर नुसतं भागेना म्हणून स्टिरॉइडचा कोर्स झाला आणि दहा आठवड्यांपूर्वी ॲझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध १५० मिलिग्रॅम सुरू झालं. पोट आता शांत आहे, रक्त पडायचं थांबलंय. पण परवाच्या लिव्हरच्या रिपोर्टात एसजीपीटी ११२ आणि एसजीओटी ६८ आलं. डॉक्टर म्हणतात, दोन आठवड्यांनी परत तपासू. घरचे म्हणतात, गोळी आजच बंद कर, लिव्हर गेलं तर परत येत नाही. आणि तुम्हाला विचारायचंय की बायॉलॉजिक इंजेक्शनं, म्हणजे सूज वाढवणाऱ्या ठरावीक रेणूंना अडवणारी प्रथिनांची औषधं, लिव्हरला जास्त सुरक्षित असतात का.

आधी उत्तर सांगतो, कारणं मागाहून. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. लिव्हर गेलं असं या रिपोर्टात काहीही दिसत नाही. पण रिपोर्ट फाइलला लावून विसरून जायचा, असंही नाही. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली फेरतपासणी चुकवू नका, आणि मधल्या दोन आठवड्यांत एक काम तुम्ही स्वतः करायचं आहे. ते पुढे सांगतो.

आता तो कागद पुन्हा हातात घ्या. बहुतेक जण एसजीपीटीसमोरचा ठळक आकडा बघतात आणि तिथेच थांबतात. मी आधी बिलिरुबिन, म्हणजे काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य, बघतो. तुमचं ०.८ आहे. एसजीपीटी आणि एसजीओटी ही पेशींच्या आत राहणारी एन्झाइम्स. पेशी दुखावली की ती रक्तात झिरपतात. म्हणजे हे आकडे पेशींना त्रास होतोय एवढंच सांगतात. यकृताचं काम कसं चाललंय याचा अंदाज बिलिरुबिन, अल्ब्युमिन (यकृतात बनणारं प्रथिन) आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठायला लागणारा वेळ) यांवरून येतो. 'लिव्हर फंक्शन टेस्ट' हे नावच त्या अर्थाने फसवं आहे. फंक्शन त्यात निम्म्याहून कमी असतं.

औषधाने होणाऱ्या यकृताच्या इजेवर आयुष्यभर काम केलेले अमेरिकन डॉक्टर हायमन झिमरमन यांच्या नावाने एक ठोकताळा आम्ही अजून रोज वापरतो. एसजीपीटी नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या (ती ४० च्या आसपास धरा) तिपटीपेक्षा जास्त, त्याच वेळी बिलिरुबिन दुपटीपेक्षा जास्त, पित्त तुंबल्याची खूण नाही, आणि औषधाशिवाय दुसरं कारण सापडत नाही, असं सगळं जुळून आलं तर साधारण दहातल्या एका रुग्णाचा जीव जातो किंवा त्याला यकृत प्रत्यारोपण लागतं. माझ्या दृष्टीने धोक्याची घंटा ती. तुमचं एसजीपीटी तिपटीला जेमतेम पोचत नाही आणि बिलिरुबिन नॉर्मल आहे. २०११ साली तज्ज्ञांनी मिळून ठरवलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांत तर औषधाने यकृताला इजा झाली असं म्हणायला एसजीपीटी किमान पाचपट लागतं, किंवा तिपटीसोबत बिलिरुबिनही दुपटीच्या वर लागतं. त्या व्याख्येत तुम्ही बसतच नाही. याचा अर्थ काही झालेलं नाही असा घेऊ नका. एवढ्या वाढीला शरीर पुष्कळदा स्वतः जुळवून घेतं आणि गोळी चालू असतानाच आकडे खाली येतात, एवढाच त्याचा अर्थ.

तिसरी गोष्ट अल्कलाइन फॉस्फटेज, पित्त अडलं की वाढणारं एन्झाइम. तुमचं ९५, म्हणजे नॉर्मल. हे वाढलेलं असतं तर मी पेशींऐवजी पित्तनलिकांकडे वळलो असतो, आणि तुमच्या आजारात ते फार महत्त्वाचं आहे. तिकडे नंतर येतो.

आता तुमचं काम. एक कोरा कागद घ्या आणि त्यावर मागच्या सहा महिन्यांत पोटात गेलेली प्रत्येक गोष्ट तारखेसकट लिहा. डॉक्टरांनी लिहून दिलेलीच नव्हे, सगळी. दातदुखीला घेतलेली गोळी, सर्दीचं अँटिबायोटिक, कुणी सुचवलेली भुकटी, जिममधल्या मित्राने दिलेला डबा, झोपेसाठीचं काहीतरी. चालू कधी केलं, बंद कधी केलं. त्याच्या शेजारी जुन्या प्रत्येक रिपोर्टातलं एसजीपीटी, अल्कलाइन फॉस्फटेज, बिलिरुबिन आणि प्लेटलेट. ॲझाथायोप्रिन सुरू होण्याआधीचा रिपोर्ट नक्की शोधा. मी कितीतरी वेळा पाहिलंय, सगळे नव्या गोळीला दोष देत असतात आणि जुन्या फाइलमध्ये गोळी सुरू होण्याआधीच एसजीपीटी ७८ लिहिलेलं असतं.

हा कागद का मागतो, त्याचा एक किस्सा. काही वर्षांपूर्वी क्रोन्सच्या, म्हणजे आतड्याच्या सुजेच्याच दुसऱ्या आजाराच्या, एका बाई माझ्याकडे पिवळ्या डोळ्यांनी आल्या. ॲझाथायोप्रिन दोन वर्षं चालू होतं, कधी कुरकुर नव्हती. आधीच्या ठिकाणी ते बंद केलं होतं, आणि बंद करून तीन आठवडे झाले तरी कावीळ वाढतच होती. अंगाला खाज इतकी की रात्री झोप नाही. कागद लिहायला बसवलं. पहिल्या फेरीत काहीच नाही. दुसऱ्या फेरीत त्यांचे पती म्हणाले, "दाढ काढली होती की." दाढेनंतर सात दिवस अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट. कोर्स संपून महिना झाला होता, म्हणून त्यांच्या लेखी ते औषध इतिहासजमा. या अँटिबायोटिकची खोड अशी की कावीळ कोर्स संपल्यावर येऊ शकते, कधी सहा आठवड्यांपर्यंत. औषधाने होणाऱ्या यकृताच्या इजेच्या पाश्चात्त्य नोंदवह्यांमध्ये हे नाव सगळ्यात वर असतं. बाईंची कावीळ दोन-अडीच महिन्यांत उतरली. पण तोवर ॲझाथायोप्रिन बंद असल्यामुळे क्रोन्स उफाळला आणि त्यांना पुन्हा स्टिरॉइड लागलं. चुकीचा आरोपी धरला की असा दुहेरी भुर्दंड बसतो.

प्रत्येक औषधाची वेळ साधारण ठरलेली असते, म्हणून तारखा एवढ्या बोलतात. मेसालामाइनच्याच घराण्यातल्या सल्फासॅलाझिनचा त्रास पहिल्या दोन महिन्यांत, बहुधा ताप, अंगावर पुरळ आणि गाठी घेऊन येतो. ॲझाथायोप्रिनचा नेहमीचा त्रास पहिल्या तीन महिन्यांत. इन्फ्लिक्सिमॅब या बायॉलॉजिकचा तीन-चार डोस झाल्यावर. आणि ॲझाथायोप्रिनचाच एक वेगळा त्रास वर्षानुवर्षं गुपचूप चाललेला असतो.

तुमच्या गोळीकडे येऊ. ॲझाथायोप्रिन शरीरात गेल्यावर मर्काप्टोप्युरिन बनतं. ही औषधं गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या प्रयोगशाळेतून आली. दोघांना १९८८ चं नोबेल मिळालं. मर्काप्टोप्युरिनला पुढे दोन मुख्य वाटा असतात. एका वाटेने थायोग्वानिन न्यूक्लिओटाइड तयार होतात, आतड्याची सूज आवरणारी खरी ताकद त्यांची. दुसऱ्या वाटेने टीपीएमटी नावाचं एन्झाइम त्याचं मिथाइल रूप करतं, आणि हे मिथाइल रूप फार साचलं की यकृत कुरकुरतं. प्रत्येकाच्या शरीरात या दोन वाटांची वाटणी वेगळी असते. युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण तीनशेत एकाला टीपीएमटी जवळपास नसतंच. त्याला नेहमीचा डोस दिला तर अस्थिमज्जा कोलमडते, पांढऱ्या पेशी धोकादायक खाली जातात. आशियाई वंशाच्या लोकांत हाच घात एनयूडीटी१५ या जनुकातल्या बदलामुळे जास्त होतो. म्हणून मी गोळी सुरू करण्याआधी या दोन्ही तपासण्या मागतो. पण एक गैरसमज काढून टाका. या तपासण्या अस्थिमज्जेचा धोका सांगतात, लिव्हरचा नाही. "टीपीएमटी नॉर्मल होतं, मग लिव्हरला त्रास कसा झाला?" असं विचारणारे पेशंट बरेच भेटतात. उलट टीपीएमटी जितकं तडफदार, तितका माल मिथाइलच्या वाटेने जास्त जातो. आतड्याला फायदा कमी आणि लिव्हरला ताप जास्त, असं सगळं उलटंच होऊन बसतं.

ही वाटणी रक्तात मोजता येते. सोय असेल तिथे ही तपासणी करून घ्यावी असं माझं मत. डोस अंदाजाने वर-खाली करण्यापेक्षा ते कितीतरी बरं. थायोग्वानिनची पातळी २३५ ते ४५० च्या दरम्यान असावी असं धरतात, मिथाइल रूप ५७०० च्या वर गेलं की लिव्हरच्या त्रासाची शक्यता वाढते. एकक तेच, ऐंशी कोटी तांबड्या पेशींमागे पिकोमोल. पातळी अशी उलटी निघाली तर आमच्याकडे चार युक्त्या असतात. डोस थोडा कमी करणं. तोच डोस सकाळ-संध्याकाळ विभागून देणं, त्याने मिथाइलचा ढीग कमी होतो. ॲझाथायोप्रिनऐवजी थेट मर्काप्टोप्युरिन देऊन बघणं, बऱ्याच जणांना ते चालून जातं.

चौथी युक्ती सगळ्यात हुशार आणि सगळ्यात धोकादायक. युरिक ॲसिडचं औषध ॲलोप्युरिनॉल १०० मिलिग्रॅम जोडायचं आणि ॲझाथायोप्रिन मूळ डोसाच्या एक चतुर्थांश ते एक तृतीयांश करायचं. माल मिथाइलच्या वाटेवरून हटतो, एसजीपीटी उतरतं, आतड्याला मिळणारी ताकद टिकते. माझ्याकडे या जोडीवर पाच-सहा वर्षं मजेत असलेले पेशंट आहेत. पण डोस न उतरवता ॲलोप्युरिनॉल जोडलं तर? मी पाहिलंय ते. गुडघा सुजला, युरिक ॲसिड वाढलेलं निघालं, कुणीतरी ॲलोप्युरिनॉल लिहिलं, पेशंटने आतड्याची गोळी चालू असल्याचं सांगितलं नाही. सांध्याचा आणि आतड्याचा काय संबंध, असं त्याला वाटलं. पाच आठवड्यांनी तोंडभर छाले आणि १०३ ताप घेऊन आला. पांढऱ्या पेशी आठशे होत्या. वाचला, पण अकरा दिवस रुग्णालयात काढून. गाउटचंच दुसरं औषध फेब्युक्सोस्टॅट, त्यालाही हाच नियम. तेव्हा कुठल्याही कारणासाठी कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी पहिलं वाक्य "मी ॲझाथायोप्रिन घेतो" हे असू द्या.

एकंदर हिशेबाने या गोळीने लिव्हरला त्रास होणारे शंभरात तीन-चार. त्यातल्या बहुतेकांचं डोस कमी केल्यावर किंवा गोळी बदलल्यावर निभावतं. पण थोड्या जणांमध्ये पहिल्या काही आठवड्यांतच ताप, मळमळ, गळून जाणं आणि कावीळ, असा खरा ॲलर्जीसारखा प्रकार होतो. तिथे डोसाशी खेळायचं नसतं. गोळी बंद, आणि परत कधीच नाही. आणखी एक: पहिल्या महिन्यात वरच्या पोटात पाठीकडे जाणारी जोराची कळ आली तर ते लिव्हर नव्हे, स्वादुपिंड असतं. लायपेज तपासायचं, आणि तिथेही गोळी कायमची बंद.

आता तो गुपचूप प्रकार. या गोळ्या अनेक वर्षं घेणाऱ्या मोजक्या लोकांमध्ये, पुरुषांत जास्त आणि छोट्या आतड्याचा तुकडा काढलेल्यांत जास्त, यकृतातल्या बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं आणि यकृताच्या पेशींच्या बारीक बारीक गाठी उगवतात. व्रण पडून होणारा सिरॉसिस हा नव्हे, पण पोर्टल शिरेतला दाब तसाच वाढतो. गंमत म्हणजे एसजीपीटी यात बऱ्याचदा नॉर्मल असतं. पहिली खूण देतात प्लेटलेट. एका पेशंटच्या फाइलमध्ये चार वर्षांचे आकडे मी एका ओळीत लिहिले: २ लाख ६०, २ लाख १०, १ लाख ७०, १ लाख ३०. प्रत्येक रिपोर्ट स्वतंत्र बघितला तर पहिले तीन नॉर्मल. एका ओळीत ठेवले की उतार स्पष्ट दिसतो. सोनोग्राफीत प्लीहा मोठी निघाली. गोळी बंद केली, आणि पुढच्या दोन वर्षांत प्लेटलेट हळूहळू चढले. म्हणून प्लेटलेटचा रकाना कागदावर हवा.

बायॉलॉजिक सुरक्षित का, हा तुमचा दुसरा प्रश्न. इन्फ्लिक्सिमॅब क्रोन्ससाठी १९९८ पासून वापरात आहे, आणि लिव्हरच्या बाबतीत ते सोवळं नाही. आइसलंड छोटा देश, तिथे प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवता येते. तिथल्या पाहण्यांत इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्या साधारण १२० ते १५० जणांमागे एकाला यकृताची इजा दिसली. त्याच गटातल्या ॲडालिमुमॅबने तितकी नाही. ही इजा बऱ्याचदा ऑटोइम्यून हेपटायटिसचं (शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटते तो आजार) सोंग घेऊन येते. एसजीपीटी पाचशे-सातशे, एएनए (स्वतःच्याच पेशींविरुद्धची अँटिबॉडी) पॉझिटिव्ह, बायोप्सीतही तसंच चित्र. औषध बंद केलं आणि थोडे दिवस स्टिरॉइड दिलं की ती बसते, आणि खऱ्या ऑटोइम्यून आजारासारखी स्टिरॉइड थांबवल्यावर परत उठत नाही. बहुतेकांना पुढे त्याच गटातलं दुसरं औषध चालतं. फक्त एएनए पॉझिटिव्ह आलं म्हणून घाबरू नका. इन्फ्लिक्सिमॅबवरच्या पुष्कळ जणांत काही त्रास नसतानाही ते पॉझिटिव्ह होतं. वेडोलिझुमॅब आणि उस्टेकिनुमॅब ही दुसऱ्या प्रकारची बायॉलॉजिक लिव्हरच्या दृष्टीने यापेक्षा शांत. टोफासिटिनिबसारख्या गोळ्यांनी एसजीपीटी थोडं वर जातं, त्यावर नजर ठेवली की पुरे.

खरी भीती मला औषधाची नसते, औषधाने उठवलेल्या जंतूची असते. हेपटायटिस बीचा विषाणू शरीरात वर्षानुवर्षं झोपून राहतो. प्रतिकारशक्ती दाबली की जागा होतो, आणि तेव्हा जी कावीळ येते ती जीवघेणी असू शकते. इन्फ्लिक्सिमॅबसारख्या औषधांनी हे होतं, जास्त दिवसांच्या स्टिरॉइडनेही होतं. थांबवणं मात्र अगदी सोपं आहे. सुरुवातीलाच एचबीएसएजी (विषाणू आत्ता शरीरात आहे का) आणि अँटी-एचबीसी (पूर्वी कधी येऊन गेलाय का) तपासायचं, गरज असेल तर एंटेकाविर किंवा टेनोफोविर हे विषाणूविरोधी औषध सुरू करायचं आणि मूळ औषध बंद झाल्यावरही काही महिने चालू ठेवायचं. नुसतं एचबीएसएजी निगेटिव्ह आलं म्हणून खूश होऊ नका, दुसरी तपासणीही बघा. दोन्ही निगेटिव्ह आणि संरक्षण देणारी अँटिबॉडीही नसेल तर लस घ्या. तुमच्या रिपोर्टांत मला या दोन्ही दिसल्या नाहीत. पुढच्या भेटीत मागून घ्या.

तसंच क्षयाचं. बायॉलॉजिक सुरू करण्याआधी सुप्त क्षय निघाला तर आयसोनियाझिड काही महिने द्यावं लागतं, आणि लिव्हरवर त्याचा हात चांगलाच जड आहे. ॲझाथायोप्रिन, आयसोनियाझिड आणि इन्फ्लिक्सिमॅब असं सगळं एकाच पंधरवड्यात सुरू केलं आणि दोन महिन्यांनी एसजीपीटी ४०० आलं, तर आरोपी कोण ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. शक्य असेल तिथे मी एकेक औषध तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सुरू करतो, ते एवढ्यासाठीच.

मेथोट्रेक्सेट या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या दुसऱ्या औषधावर तुम्ही नाही, पण वाचणाऱ्यांपैकी कुणी असेल. क्रोन्समध्ये ते आठवड्यातून एकदा १५ ते २५ मिलिग्रॅम देतात. आठवड्यातून एकदा. दररोज घेतल्याने माणसं दगावली आहेत, म्हणून मी चिठ्ठीवर वाराचं नाव लिहितो आणि घरच्यांकडून वाचून घेतो. सोबत फॉलिक ॲसिड. यकृतात व्रण पडतात ही त्याची जुनी बदनामी बरीचशी सोरायसिसच्या रुग्णांवरून आलेली आहे. त्यांच्यात लठ्ठपणा, मधुमेह आणि दारू यांची भर होती. ठरावीक एकूण डोस झाला की बायोप्सी करायची, हा जुना रिवाज आतड्याच्या आजारात आता कुणी फारसा पाळत नाही, यकृत किती कडक झालंय ते बाहेरून मोजणाऱ्या फायब्रोस्कॅनवर भागतं. एक छोटी गोष्ट मात्र लक्षात ठेवा. डोस घेतल्यावर एक-दोन दिवस एसजीपीटी आपोआप वर जातं. रक्त पुढच्या डोसाच्या आदल्या दिवशी द्या. चुकीच्या वारी रक्त दिल्यामुळे बंद झालेली मेथोट्रेक्सेटची इंजेक्शनं मी परत सुरू करून दिली आहेत. मेसालामाइन लिव्हरला क्वचितच काही करतं. त्यासाठी मी किडनीचं क्रिएटिनिन बघतो.

पित्तनलिकांकडे येतो म्हणालो होतो. अल्सरेटिव्ह कोलायटिस असलेल्या शंभरांपैकी साधारण पाच जणांत पित्तनलिकांना सूज येऊन त्या जागोजागी आवळत जातात. या आजाराला प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिस म्हणतात. तो औषधाने होत नाही, आतड्याच्या आजाराचाच तो जोडीदार. पण सुरुवातीला अल्कलाइन फॉस्फटेज वाढण्यापलीकडे काही दिसत नाही, आणि दोष गोळीवर जातो. एका मुलाची या कारणाने एकामागून एक तीन औषधं बदलली गेली होती. शेवटी एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआय, केली तर पित्तनलिका मण्यांच्या माळेसारख्या. याचं निदान लवकर व्हायला हवं, याला आणखी एक कारण आहे. अशा रुग्णांना मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका जास्त असतो, आणि निदान झाल्या दिवसापासून दरवर्षी कोलोनोस्कोपी लागते. अल्कलाइन फॉस्फटेज हाडांमधूनही येतं. स्टिरॉइडने आणि ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेने हाडं कुरकुरत असतील तर जीजीटी हे हाडांतून न येणारं यकृताचं एन्झाइम बघून खुलासा होतो.

औषध, आजार आणि जंतू सोडून राहिलेली कारणं साधीच असतात, म्हणून विसरली जातात. स्टिरॉइडने तुमची भूक उघडली असेल, रक्त थांबल्यावर खाल्लेलं अंगी लागायला लागलं असेल. मागच्या तीन महिन्यांत वजन किती वाढलं? सहा-सात किलो वाढलं असेल तर सोनोग्राफीत फॅटी लिव्हर दिसण्याची शक्यता चांगलीच आहे, आणि तुमच्या ११२ चा बराच वाटा तिथूनच येत असेल. बरं वाटायला लागलं म्हणून व्यायामशाळा सुरू केली का? जड वजन उचलल्यावर एसजीओटी आणि एसजीपीटी दोन्ही स्नायूंतून येतात. सीपीके हे स्नायूंचं एन्झाइम तपासलं की कळतं. फेरतपासणीच्या आधी पाच-सहा दिवस जड व्यायाम करू नका. दारू घेत असाल तर खरं सांगा, मी रागावत नाही, हिशेब चुकू नये एवढंच.

आणि 'नैसर्गिक' गोळ्या. आतड्याच्या सुजेला हळद चांगली असं वाचून लोक हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल घेतात, त्यात शोषण वाढवायला मिऱ्याचा अर्क घातलेला असतो. अशा कॅप्सूलनी एसजीपीटी हजारावर गेल्याच्या नोंदी आहेत. स्वयंपाकातली हळद वेगळी, तिच्याबद्दल मी बोलत नाही. ग्रीन टीचा अर्क आणि अश्वगंधा यांनीही यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. कोलायटिससाठी विकली जाणारी निळीची चिनी भुकटी आतड्यावर गुण देते हे खरं, पण एसजीपीटीही वाढवते. यातलं काही घेत असाल तर आज बंद करा. त्यासाठी कुणाला विचारायची गरज नाही. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालेल, पण सध्या दिवसाला दोन ग्रॅमच्या आत.

घरच्यांची "आजच बंद कर" ही सूचना मला पटत नाही, ती का तेही सांगतो. ॲझाथायोप्रिनला गुण द्यायला दोन-तीन महिने लागतात. तुमचं पोट शांत झालं ते अलीकडे, म्हणजे गोळी आत्ता कुठे लागू पडू लागली आहे. ती सोडली आणि आजार उफाळला तर पुन्हा स्टिरॉइड. स्टिरॉइड म्हणजे वजन, साखर, हाडं आणि पुन्हा फॅटी लिव्हर. एका आकड्याला घाबरून तुम्ही फिरून त्याच आकड्यावर याल. इन्फ्लिक्सिमॅबवरच्या लोकांना तर मधेच खंड पाडणं आणखी महाग पडतं. शरीर औषधाविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं, आणि परत सुरू करताना ते लागू पडत नाही किंवा रिॲक्शन येते.

मात्र काही गोष्टी दिसल्या तर दोन आठवडे थांबायचं नाही. डोळे पिवळे होणं, लघवी चहासारखी गडद होणं, अंगभर खाज, सतत मळमळ आणि अन्नावरची वासना उडणं, ताप आणि पुरळ, उजव्या बरगडीखाली दुखणं. यातलं काहीही झालं तर पुढची गोळी घेण्याआधी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा आणि रक्त द्या. असंबद्ध बोलणं किंवा दिवसभर गुंगी असेल तर फोन नको, सरळ रुग्णालय.

तुमच्या फेरतपासणीत मी हे बघेन. एसजीपीटी ८० च्या खाली आलं तर तोच डोस आणि महिन्याने परत रक्त. ८० ते २०० च्या दरम्यान रेंगाळलं तर औषधाची पातळी मोजायची, सोनोग्राफी, हेपटायटिस बी आणि सी, आणि पातळी बघून वरच्या चार युक्त्यांपैकी एक. २०० च्या वर गेलं, किंवा बिलिरुबिन हललं, तर गोळी बंद, कारण मागाहून शोधू. सगळं सुरळीत झालं तरी गोळी चालू आहे तोवर दर तीन महिन्यांनी हिमोग्राम आणि लिव्हरची तपासणी सोडू नका. शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करा, नाही तर वेगवेगळ्या मर्यादांमुळे आकड्यांची तुलना होत नाही.

तारखांचा कागद तयार झाला की तुमच्या डॉक्टरांना दाखवा. त्यात दाढ असेल तर वरच्या ओळीत लिहा.